कोणाच्या हाती कोणती किल्ली



गेल्या वार्षिक सभेनंतर चहाच्या वेळी मंडळीतल्या एका ज्येष्ठ भाऊंनी मला बाजूला घेतले. "ताई, पाड्यांवर काम करणाऱ्या संस्थेला नाशिकच्या ऑफिसात एवढे मोठे मशीन कशाला? आणि आपलीच माणसे, कामाला वाहून घेतलेली. त्यांना एकेक फाईल उघडायला परवानगी लागते म्हणे. विश्वास नाही का त्यांच्यावर?" मी हातात कप धरून काहीतरी उत्तर दिले. ते त्यांना पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. म्हणून या अंकात संपादकांकडून जागा मागून घेतली.

आधी एक कबुली. माझे शिक्षण थिऑलॉजीच्या डिप्लोमाचे, संगणकाचे नव्हे. कोणाला काय उघडता यावे हे ठरवण्याचे काम माझ्याकडे आले, कारण पाचही केंद्रांतली सगळी माणसे मला नावाने ओळखतात. त्या वेळी हे कारण मला हास्यास्पद वाटले होते. आता वाटत नाही.

आपली केंद्रे पेठ, हरसूल, सुरगाणा, कळवण आणि दिंडोरी इथे आहेत. पूर्वी प्रत्येक केंद्रात एकेक संगणक होता आणि त्या केंद्राच्या मुलांची माहिती त्याच्याच पोटात असे. सुरगाण्याचा संगणक एका पावसाळ्यात कायमचा बंद पडला, तेव्हा तीन वर्षांच्या वजन-उंचीच्या नोंदी त्याच्याबरोबर गेल्या. पण मोठी अडचण वेगळीच होती. आपली माणसे एका जागी राहत नाहीत. दिवाळी झाली, भात-नागली घरात आली, की सुरगाणा आणि पेठची कुटुंबे टेम्पोत बसून दिंडोरी-निफाडकडे द्राक्षाच्या कामाला उतरतात. मूल दिंडोरीत आणि त्याच्या लसीची, वजनाची, रक्ताच्या तपासणीची नोंद सुरगाण्यात. नर्सताई फोनवर विचारत, पलीकडून कोणीतरी वाचून सांगे आणि चुकीच्या मुलाचे वाचून सांगितले तरी कळायला मार्ग नसे.

म्हणून दोन वर्षांपूर्वी आपण व्हर्च्युअल डेस्कटॉपची पद्धत घेतली. नाव मोठे आहे, कल्पना साधी आहे. पेठच्या केंद्रात आता टेबलावर एक छोटा डबा आहे, त्याला पडदा, कीबोर्ड आणि माउस जोडलेला. त्या डब्यात काहीही साठत नाही. नर्सताई बटणे दाबतात ती तारेने नाशिकच्या सर्व्हरपर्यंत जातात, काम तिथे होते आणि पडद्याचे चित्र तेवढे परत पेठला येते. आश्रमशाळेच्या कोठीसारखे समजा. धान्य सगळे एका कोठीत आणि प्रत्येक केंद्राला त्या कोठीची एक खिडकी. डबा चोरीला गेला तरी चोराच्या हाती रिकामा डबाच लागतो.

पण कोठी एक झाली की प्रश्नही एकच मोठा होतो. कोणत्या खिडकीतून कोणाला काय मिळावे? जुन्या संगणकातून फार तर एका केंद्राची माहिती बाहेर गेली असती. आता एक चुकीचे दार उघडे राहिले, तर पाचही केंद्रे उघडी.

हे मला शिकवले ते जुन्या दिवसांतल्या एका घटनेने. त्या मुलीचे गाव, वय, जमात मी लिहिणार नाही. का नाही ते पुढे कळेल. शिबिरात तिच्या रक्ताची तपासणी झाली आणि ती सिकलसेलची वाहक निघाली. वाहक म्हणजे आजारी नव्हे. ती शेतात राबते, डोंगर चढते, सगळे करते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील तरच प्रत्येक बाळंतपणात मूल आजारी निघण्याची शक्यता चारात एक असते. लग्नाआधी दोघांची तपासणी करून समजावून सांगायचे, एवढ्यासाठीच ती माहिती असते. भारत सरकारने १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातल्या शहडोल इथून सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्यात शून्य ते चाळीस वयाच्या सात कोटी लोकांच्या तपासणीचे उद्दिष्ट आहे. तपासणी वाढायलाच हवी. पण तपासणी वाढली की कागद वाढतात आणि कागद वाढले की ते वाचणारे डोळेही वाढतात.

त्या मुलीची सोयरीक ठरली होती. मुलाकडच्यांच्या कानावर "तिच्या रक्तात दोष आहे" एवढेच गेले. वाहक आणि आजारी यातला फरक त्या वाक्याबरोबर पोहोचला नाही. सोयरीक मोडली. तिचे वडील केंद्रावर आले, ओट्यावर बसले आणि म्हणाले, "ताई, तो कागद तुमच्याकडंच होता ना? मग कोणी सांगितलं?"

मी शोधायला बसले. त्या केंद्रात सगळ्यांसाठी एकच लॉगिन होते. पासवर्ड म्हणजे केंद्राचे नाव आणि पुढे १२३, तोही भिंतीवरच्या कालनिर्णयच्या मागच्या पानावर पेनाने लिहिलेला. आठ जण तो वापरत. शिवाय सहा महिन्यांपूर्वी काम सोडून गेलेला एक जण, ज्याला तो अजून पाठ होता. संगणक एवढेच सांगत होता की त्या दिवशी "केंद्र" या नावाने फाईल उघडली. मग कोणावर बोट ठेवणार? आठही जणांकडे मी संशयाने पाहू लागले आणि ते एकमेकांकडे. त्यातल्या सात जणांनी, कदाचित आठही जणांनी, काही केले नसेल. ज्येष्ठ भाऊंना मला हे सांगायचे होते. एक सामाईक पासवर्ड म्हणजे विश्वास नव्हे. काही बिघडले की त्यात निरपराध माणसाला आपले निरपराधित्व दाखवायला जागाच उरत नाही. त्या वडिलांना मी उत्तर देऊ शकले नाही आणि आजही देऊ शकत नाही.

सामाईक पासवर्डाने मोठमोठ्यांना बुडवले आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये पंजाब नॅशनल बँकेच्या मुंबईतल्या ब्रॅडी हाऊस शाखेतला घोटाळा उघड झाला. त्याचा आकडा पुढे तेरा हजार कोटींच्या वर गेला. परदेशी बँकांना हमीचे संदेश 'स्विफ्ट' यंत्रणेतून गेले आणि बँकेच्या मुख्य हिशेबात त्यांची नोंदच नव्हती. अधिकाऱ्यांचे पासवर्ड भलत्यांच्या हाती होते, असे तपासाच्या बातम्यांत तेव्हा छापून आले.

पासवर्डाचा जन्मही अशाच एका कोठीत झाला आहे. १९६१ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कोर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एकच मोठा संगणक अनेकांनी एकाच वेळी आपापल्या टेबलावरून वापरण्याची सोय केली. प्रत्येकाची फाईल वेगळी राहावी म्हणून पासवर्ड आले. वर्षभरातच, १९६२ मध्ये, अॅलन शेर नावाच्या एका संशोधक विद्यार्थ्याला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. पासवर्डांची फाईल छापून द्यावी, असा आदेश त्याने त्याच संगणकाला दिला आणि इतरांच्या नावावर काम केले. कुलूप लावल्याबरोबर किल्ल्यांची जुडी कुठे ठेवायची हा प्रश्न येतो, हे तेव्हापासून चालत आले आहे.

आता आपण काय करतो ते सांगते. पहिली गोष्ट, प्रत्येकाचे खाते त्याच्या स्वतःच्या नावाने. दुसरी मला समजायला वेळ लागला. अधिकार माणसाला द्यायचाच नाही, कामाला द्यायचा. सर्व्हरमध्ये आपण गट केले आहेत: पेठ-आरोग्य, सुरगाणा-वसतिगृह, हिशेब, असे. कोणती कपाटे उघडतील ते गटाला ठरवून दिलेले असते. माणूस गटात आला की ती कपाटे उघडतात, गटातून काढला की बंद होतात. वसतिगृहाच्या गृहपालांना मुलीची हजेरी, घरचा पत्ता, पालकांचा नंबर दिसतो; तिचा रक्ताचा रिपोर्ट दिसत नाही. नर्सताईंना रिपोर्ट दिसतो. शिष्यवृत्तीचे बँक खाते दिसत नाही. यात कोणाचा अपमान नाही. सरकारी कामात कार्यक्षेत्र असते तसेच हे. आदिवासी विकास आयुक्तालय नाशिकलाच आहे आणि जिल्ह्यात नाशिक व कळवण अशी दोन प्रकल्प कार्यालये आहेत. कळवणच्या अधिकाऱ्याने नाशिक प्रकल्पाच्या फाईलवर सही केली नाही, तर तो अप्रामाणिक आहे असे आपण म्हणत नाही.

सुरुवातीला मी हे नीट केले नाही. कोणी फोन करून "ताई, मला तेवढी एक फाईल दिसत नाही" म्हटले की मी त्या व्यक्तीच्या नावावर परवानगी देऊन टाकायची. भीड पडायची. वर्षभरात कोणाला काय दिले आहे याची मलाच दाद लागेना. एका नर्सताईंची सुरगाण्याहून हरसूलला बदली झाली, तर त्यांना दोन्हीकडचे दिसत राहिले. काम सोडून जाणारा निदान लक्षात तरी राहतो. बदली झालेल्याचे जुने दार कोणालाच आठवत नाही.

म्हणून आता दर तिमाहीला यादी छापून आम्ही ती मोठ्याने वाचतो. निवडणुकीआधी मंडळीची मतदार यादी वाचतात तशीच: कोण गावाला गेले, कोण दुसऱ्या मंडळीत गेले, कोण प्रभूघरी गेले. केंद्रप्रमुख हो किंवा नाही म्हणतात, मी पेनाने खूण करते. पहिल्या वाचनात एकोणचाळीस नावांपैकी सहा अशी निघाली, ज्यांचा आता संस्थेशी काही संबंध नव्हता. त्यातले एक खाते दोन सुट्ट्यांपुरत्या आलेल्या कॉलेजच्या मुलाचे होते. मुलगा चांगला होता. खातेही चांगले चालू होते.

लहानसहान गोष्टींनी मला जास्त छळले. नर्सताई पडदा बंद करून घरी जात आणि त्यांना वाटे, काम बंद झाले. पण काम तर नाशिकला चालू आहे. पेठला फक्त खिडकीचा पडदा ओढला. दुसऱ्या कोणी बटण दाबले की त्यांच्याच जागेवर जाऊन बसणार. हाच गुण वीज गेल्यावर मात्र वरदान ठरतो. पेठला दिवे गेले, अर्धा भरलेला फॉर्म नाशिकला तसाच थांबून राहतो, वीज आली की पुढच्या रकान्यापासून सुरू. तेव्हा आम्ही मध्यम मार्ग काढला. दहा मिनिटे हात लावला नाही की पडद्याला कुलूप आणि रात्री सगळ्यांची कामे बंद.

छपाईची तर गंमतच झाली. हरसूलच्या ताई नाशिकला प्रशिक्षणाला येऊन गेल्या होत्या आणि सर्व्हरने त्यांचा प्रिंटर नाशिकचाच धरून ठेवला. त्यांनी हरसूलमध्ये कुपोषित बालकांची यादी छापायला दिली, ती नाशिकच्या ऑफिसात, पाहुणे बसलेले असताना, बाहेर आली. तेव्हापासून प्रिंटर माणसाच्या नावाशी न जोडता डब्याच्या जागेशी जोडला आहे. पेठच्या डब्यावर कोणीही बसो, कागद पेठलाच निघेल.

पासवर्डाबरोबर मोबाइलवर येणारा सांकेतिक आकडाही ठेवला आहे, म्हणजे पासवर्ड कोणी पाहिला तरी तेवढ्याने भागत नाही. इथे डोंगराने आमची परीक्षा घेतली. केंद्रात तारेचे इंटरनेट आहे, पण काही ठिकाणी मोबाइलला रेंज नाही. संदेश येणार कसा? मग कळले की फोनमधले एक अॅप रेंज नसतानाही दर तीस सेकंदांना नवा सहा आकडी क्रमांक स्वतः तयार करते. एका ताईंचा क्रमांक मात्र रोज नाकारला जाई. चार दिवस आम्ही हैराण. शेवटी दिसले की त्यांच्या फोनचे घड्याळ सात मिनिटे पुढे होते. सकाळची बस चुकू नये म्हणून त्यांनीच ते पुढे लावले होते!

पेनड्राइव्ह चालत नाही आणि केंद्राच्या पडद्यावरून माहिती उचलून बाहेर टाकता येत नाही. तरी मोबाइलने पडद्याचा फोटो काढणाऱ्याला कोणतेही यंत्र अडवू शकत नाही. तिथे माणसाशीच बोलावे लागते. आणि सावळघाटात दरड कोसळून तार तुटली, तर तो डबा केवळ डबा राहतो. म्हणून कागदी रजिस्टर आम्ही सोडलेले नाही. ते कुलपाच्या कपाटात असते आणि तार जोडली की नोंदी चढवल्या जातात.

आता दुसरी बाजू, कारण घट्ट कुलूपही घात करते. मागच्या डिसेंबरात, रविवारी, उपासना चालू असताना दिंडोरीहून फोन आला. द्राक्षाच्या मळ्यावर एक मूल तापाने फणफणले होते, हातपाय दुखून रडत होते. कुटुंब सुरगाण्याचे. डॉक्टर विचारत होते, सिकलसेलची तपासणी झाली आहे का? दिंडोरीच्या नर्सताईंना सुरगाण्याची फाईल उघडत नव्हती, कारण ती उघडणार नाही अशी व्यवस्था मीच केली होती. सुरगाण्याच्या ताई सुटीवर, त्यांचा फोन लागत नव्हता.

अशा वेळेसाठी एक लाखबंद पाकीट ऑफिसच्या तिजोरीत असते. त्यात एका राखीव खात्याचा पासवर्ड आहे, ज्याला सगळे दिसते. तिजोरीला दोन किल्ल्या लागतात, एक माझ्याकडे आणि एक आपल्या एका विश्वस्तांकडे. ते तीन बाकडी पुढे बसले होते. उपदेश अर्ध्यावर सोडून आम्ही दोघे उठलो (पाळकसाहेबांनी नंतर विचारलेच). फोन आल्यापासून पन्नास मिनिटांनी रिपोर्ट डॉक्टरांना कळला: मूल वाहक नव्हते, सिकलसेलचेच रुग्ण होते. त्यांनी त्या दृष्टीने उपचार सुरू केले आणि मूल बरे होऊन आईबरोबर परतले. मी पाकिटावर वेळ आणि कारण लिहिले, पासवर्ड बदलला, नवे पाकीट बंद केले. पण पन्नास मिनिटे ते मूल रडत होते. ते माझ्या कुलपामुळे.

त्या आठवड्यात आम्ही 'स्थलांतर' नावाचा गट केला. जी कुटुंबे खाली उतरणार आहेत, त्यांना दिवाळीनंतर टेम्पोत बसण्याआधी नर्सताई विचारतात, "दिंडोरीच्या ताईंना तुमच्या लेकराचा कागद दिसू द्यायचा का?" हो म्हटले तर तेवढ्याच मुलांची आरोग्याची नोंद दिंडोरीला उघडते आणि ३१ मार्चला आपोआप बंद होते. नाही म्हणणारेही असतात. दोन कुटुंबे नाही म्हणाली. त्यांना आम्ही छापील कागद हातात दिला, पिशवीत जपून न्या म्हणून.

हे विचारणे आता कायद्यानेही आले आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याने अठरा वर्षांखालील मुलाची माहिती हाताळायला पालकांची संमती आवश्यक केली आहे. माहिती सुरक्षित ठेवण्यात हलगर्जी झाली तर दंड अडीचशे कोटींपर्यंत जाऊ शकतो. आपले बँक खाते पाहता तो आकडा वाचून हसू येते. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम जाहीर झाले. कोणी कधी काय पाहिले याच्या नोंदी वर्षभर राखण्याची अपेक्षा त्यांत आहे. आपल्या लोकांचा या सगळ्याशी संबंध जुना आहे. देशातला पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभली गावी, रंजना सोनवणे या बाईंना देण्यात आला. पाड्यावरच्या माणसाने तेव्हापासून किती टेबलांवर आधारची झेरॉक्स ठेवली असेल आणि ती परत कधी मागितली असेल?

उरले माझे स्वतःचे. पहिले वर्षभर मला सगळे दिसत होते: प्रत्येक मुलाचा रिपोर्ट, प्रत्येकाचा पगार. कोणी ठरवून दिले नव्हते, तसे होऊन गेले होते. मलाच ते बरोबर वाटेना. अर्पणाची थैली मोजायला वेस्ट्रीत आपण दोघांना बसवतो, तिथे एकट्या खजिनदाराच्या प्रामाणिकपणाची चर्चा होत नाही. आता नवे नाव मी सुचवते, संगणक सांभाळणारा तंत्रज्ञ खाते उघडतो आणि कोणी काय उघडले याची नोंद दर महिन्याला विश्वस्तांकडे जाते, माझ्या नावासकट. माझ्या रोजच्या खात्याला आता कोणाचाच रक्ताचा रिपोर्ट दिसत नाही.

त्या नोंदीचा एक उपयोग मला आधी सुचला नव्हता. मे महिन्यात पेठला एका आईने विचारले, "माझ्या पोरीचा कागद कोणी कोणी पाहिला?" मी तिच्यासमोर नोंद काढली. तीन वेळा उघडला होता: दोनदा नर्सताईंनी, एकदा शिबिराच्या डॉक्टरांनी. तिला वाचता येत नाही, म्हणून तारखांसह वाचून दाखवले. तिने ते पुन्हा एकदा वाचायला लावले, मग बाजाराची पिशवी उचलून गेली.

यादीचे पुढचे वाचन ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी कळवणच्या केंद्रात आहे. आपल्या मंडळ्यांत संगणकाच्या नोकरीतली पुष्कळ तरुण मंडळी आहेत. त्यांच्यापैकी कोणी बाहेरची नजर म्हणून येऊन बसले तर मला हवे आहे. आमच्या चुका आम्हाला दिसेनाशा झाल्या आहेत. सकाळी साडेनऊला सुरुवात आणि दुपारी नागलीची भाकरी व उडदाची डाळ. ज्येष्ठ भाऊंनाही मी बोलावणे पाठवले आहे.